आधी ऑपरेटिंग सिस्टीम ठरवा, मग कॉम्प्युटर घ्या

घरातला जुना कॉम्प्युटर बदलायचा ठरला की बोलणं लगेच प्रोसेसर, रॅम आणि स्क्रीनवर जातं. ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय बहुधा निघतच नाही आणि निघाला तरी 'विंडोजच, दुसरं काय' एवढ्यावर मिटतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. सिस्टीम ठरली की मशीनचा निम्मा निर्णय आपोआप होतो. मॅकओएस हवी असेल तर ॲपलचंच मशीन घ्यावं लागतं, गूगलची क्रोमओएस हवी तर क्रोमबुक, आणि लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम वापरायची असेल तर ज्याचं वाय-फाय आणि ग्राफिक्स त्यावर नीट चालतं असं मशीन. कधीकधी तर असंही निघतं की नवीन मशीनची गरजच नव्हती.

ऑपरेटिंग सिस्टीम नेमकं करते काय?

पत्र टाइप करून तुम्ही 'सेव्ह' दाबता तेव्हा तो प्रोग्राम स्वतः डिस्कवर काही लिहीत नाही. 'एवढा मजकूर या नावाने ठेव' अशी मागणी तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे करतो. डिस्कवर जागा कुठे मोकळी आहे, त्याच नावाची फाइल आधीपासून आहे का, ही फाइल उघडायची परवानगी कुणाला, हे सगळं ती बघते. छपाई, आवाज, कॅमेरा, इंटरनेट, सगळीकडे हाच प्रकार. आणि ही मागणी करायची पद्धत प्रत्येक सिस्टीमची वेगळी असते. म्हणून विंडोजसाठी बनवलेला प्रोग्राम लिनक्सवर तसाच्या तसा चालत नाही, दोन्हीकडे प्रोसेसर अगदी एकच असला तरी.

दुसऱ्या बाजूला असतात उपकरणं. प्रिंटर, स्कॅनर, वाय-फायची चिप यांच्याशी बोलण्यासाठी सिस्टीमला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो आणि तो त्या त्या सिस्टीमसाठी कुणीतरी लिहिलेला असावा लागतो. जुना स्कॅनर नव्या कॉम्प्युटरला जोडल्यावर ढिम्म हलत नाही, तेव्हा बहुतेक वेळा स्कॅनर धडधाकट असतो. कंपनीने नवा ड्रायव्हर काढलेला नसतो, एवढंच.

या दोन्ही कटकटींतून एक जागा बरीचशी सुटलेली आहे, ती म्हणजे ब्राउझर. ईमेल, बँकेचं काम, व्हिडिओ, फॉर्म भरणं, ऑनलाइन वर्ग हे ब्राउझरमध्ये होत असेल, तर खाली कोणती सिस्टीम आहे याने फारसा फरक पडत नाही. पंधरा वर्षांपूर्वी विंडोज सोडणं जेवढं जड जायचं, तेवढं आता जात नाही ते यामुळेच.

आधी जुन्या मशीनची नाडी बघा

'कॉम्प्युटर स्लो झालाय' या तक्रारीमागे बऱ्याचदा एकच गुन्हेगार असतो, फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० वर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स' आहे, ते दाबा आणि मग 'परफॉर्मन्स' या टॅबवर जा. डावीकडे डिस्कच्या नावाखाली एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) किंवा एसएसडी (काही न फिरणारी, चिपवरची डिस्क) असं लिहिलेलं दिसेल. एचडीडी असेल आणि कॉम्प्युटर सुरू केल्यावर बराच वेळ तिचा आकडा १०० टक्क्यांना चिकटून बसत असेल, तर प्रोसेसर बिचारा रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय. फिरत्या डिस्कला इकडेतिकडे विखुरलेली माहिती सेकंदाला साधारण शंभर वेळा उचलता येते. साध्या एसएसडीला तेच काम हजारो वेळा जमतं. त्याच टॅबवर 'मेमरी' दाबलं की रॅमचे किती स्लॉट आहेत आणि त्यातले किती भरलेत तेही कळतं. एक स्लॉट रिकामा असेल तर रॅम वाढवता येईल. एसएसडी आणि ८ जीबी रॅम एवढ्या बदलावर बरीच जुनी मशीन पुन्हा उभी राहतात.

पण वेग वाढला म्हणून वय कमी होत नाही. कॉम्प्युटरचं खरं वय त्याच्या सिस्टीमला सुरक्षा अपडेट किती दिवस मिळणार यावर ठरतं.

एक्सपायरी डेटचा हिशेब

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. दुसऱ्या दिवशी काही बंद पडलं नाही. त्यामुळे 'चाललंय की व्यवस्थित' असं वाटणं साहजिक आहे. धोका दिसत नाही, कारण तो वेगळ्याच वाटेने येतो. विंडोज ११ साठी सुरक्षेची दुरुस्ती निघाली की हल्लेखोर तिचा अभ्यास करतात. आधीचा कोड आणि नंतरचा कोड शेजारी ठेवला की भोक नेमकं कुठे होतं ते कळतं. दोन्ही सिस्टीमचा बराचसा कोड सामाईक आहे, त्यामुळे तेच भोक विंडोज १० मध्येही असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे ते बुजवणारं कुणी नाही. म्हणजे नव्या सिस्टीमची दुरुस्ती हाच जुन्या सिस्टीमवर हल्ला कसा करायचा याचा नकाशा ठरतो.

अपडेट आलेलं असूनही ते न घेतल्याने काय होतं, ते मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने दाखवलं. ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. तरी जगभरातली लाखो मशीन त्यात सापडली आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. शेवटी सपोर्ट संपून तीन वर्षं झालेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने तातडीची दुरुस्ती काढली. असं अपवादानेच होतं, त्याच्या भरवशावर राहू नये.

घरगुती विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी कंपनीने एका वर्षाच्या वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आणली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, आपोआप मिळत नाही. विचार करायला मिळालेली ही सवड आहे, त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा नको. ब्राउझर मात्र सहसा सिस्टीमपेक्षा जास्त टिकतात. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, पण क्रोमने त्याची साथ २०२३ च्या सुरुवातीला सोडली.

मशीन विंडोज ११ ला चालेल का, हे कळण्याची एक ढोबळ खूण सांगतो. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप, सिक्युअर बूट (सुरू होताना खोटी सिस्टीम रोखणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, पण बहुतेक मशीन अडतात ती मायक्रोसॉफ्टच्या मान्य प्रोसेसरच्या यादीत. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. आय-५ किंवा आय-७ च्या पुढचा आकडा ७२०० असेल तर सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी, १०२१० असेल तर दहावी. एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासून पुढचे बहुतेक चालतात. टीपीएम नाही असं सांगणाऱ्या मशीनमध्ये कधीकधी ते असतं, फक्त बायोसमध्ये (सिस्टीमच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) बंद असतं. म्हणून निकाल लावण्याआधी तिथे एकदा डोकावून बघा. नियम चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या भरपूर फिरतात. छंद म्हणून करायचं तर जरूर करा, पण घरातल्या बँकेच्या कामाच्या मशीनवर मी ते करणार नाही, कारण पुढची मोठी अपडेट मिळतीलच अशी हमी तिथे नसते.

घरातल्या कामांची यादी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणती सिस्टीम चांगली यावर वाद घालायला उभा जन्म पुरणार नाही. त्याऐवजी घरातले सगळे जण कॉम्प्युटरवर काय करतात ते कागदावर लिहा आणि जे ब्राउझरमध्ये होतं ते खोडून टाका. उरलेल्यातही ज्याला पर्याय चालेल ते खोडा. साध्या पत्रांना आणि हिशेबाच्या तक्त्यांना लिब्रेऑफिस हे फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर चालतं, फोटो बघायला आणि गाणी ऐकायला काहीही चालतं. मग कागदावर दोन-तीनच गोष्टी शिल्लक राहतात आणि त्याच सिस्टीम ठरवतात.

एखाद्याच्या कागदावर हिशेबाचं सॉफ्टवेअर उरतं, एखाद्याच्या भरतकामाच्या मशीनसोबत आलेला डिझाइनचा प्रोग्राम, नाहीतर डिजिटल सहीचा यूएसबी टोकन ज्याचा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी आहे. कुणाकडे मॅक्रोंनी (आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञांनी) भरलेली एक्सेल फाइल असते, जी लिब्रेऑफिसमध्ये उघडते पण अर्धवट चालते. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसमध्ये बांधलेला डेटाबेस असेल तर मॅकवर ॲक्सेस नाहीच. युनिकोडच्या (सगळीकडे अक्षरं एकसारखी वाचली जावीत यासाठीच्या मानकाच्या) आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइलींची गठडी असेल तर तिचाही विचार करा. तो फाँट नसेल तर मजकूर निव्वळ चित्रविचित्र अक्षरं होऊन बसतो, आणि तो टाइप करण्याची सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजवरचीच.

यादीत अशी एक जरी न सुटणारी गोष्ट असली तर निर्णय झाला. तिच्या सिस्टीमवर राहा आणि बाकीच्या गुणदोषांवर डोकं शिणवू नका.

आणखी एक प्रश्न त्याच कागदावर लिहा: अडलं की घरचे कुणाला फोन करतात? तो भाचा, मैत्रीण किंवा शेजारी जी सिस्टीम वापरतो, तिचं पारडं तेवढ्यानेच जड होतं. तांत्रिक तुलनांमध्ये हा मुद्दा कुठेच येत नाही, पण घरात तोच रोज उपयोगी पडतो.

विंडोज ११ घेताना

कागद विंडोजकडे बोट दाखवत असेल तर त्यात कमीपणा नाही. उपकरणं आणि प्रोग्राम सर्वांत जास्त त्यावरच चालतात. मायक्रोसॉफ्टची ४ जीबीची अट मात्र विसरा. ८ जीबी रॅमवर जेमतेम भागतं, १६ जीबी असेल तर मशीन पुढची बरीच वर्षं सुसह्य राहील. होम आवृत्ती सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. नव्या मशीनवर त्या खात्याने साइन इन केलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही) आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या खात्यात जमा होते. चोरीच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण उद्या मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही हललं तर कॉम्प्युटर सुरू होताना निळ्या पडद्यावर ती की मागतो. त्या खात्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नसेल तर डिस्कवरचे फोटो गेलेच म्हणा. पहिल्याच दिवशी खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवून ठेवा. दुकानदाराने स्वतःच्या नाहीतर भलत्याच ईमेलने खातं उघडून दिलं असेल, तर तिथल्या तिथे बदलून घ्या.

लॅपटॉपवर स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असेल तर तोही विंडोज ११ चालवतो, पण आतून एआरएम जातीचा (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचा) असतो. नेहमीचे विंडोज प्रोग्राम त्यावर भाषांतराच्या थरातून चालतात आणि बहुतेक चालतातही. ड्रायव्हरना मात्र ही सोय नाही, ते एआरएमसाठी वेगळे लिहिलेले लागतात. म्हणजे डिजिटल टोकनवाल्यांनी आणि जुन्या स्कॅनरवाल्यांनी आधी चौकशी करावी.

मॅक

मॅक चांगला टिकतो, बॅटरी दमदार असते आणि घरात आयफोन असतील तर दोन्हींचं छान जमतं. अडचण अशी की रॅम आणि स्टोरेज किती हवं ते घेतानाच ठरवावं लागतं. लॅपटॉपमध्ये तरी ते नंतर वाढवता येत नाही. २०२० च्या शेवटी ॲपलने इंटेल सोडून स्वतःच्या एम मालिकेच्या चिप वापरायला सुरुवात केली. २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेलवाल्या मॅकसाठी शेवटची, असं कंपनीने स्वतःच जाहीर केलंय. तेव्हा वापरलेला मॅक स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल तर 'अबाउट धिस मॅक' उघडून चिपचं नाव वाचा. इंटेल दिसलं तर सोडून द्या. 'लागलं तर मॅकवर विंडोज टाकू' हा जुना बेतही आता तसा राहिलेला नाही. मॅकवर थेट विंडोज बसवू देणारं बूट कॅम्प एम चिपवर नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (मॅकओएसच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये) एआरएमचं विंडोज चालतं आणि त्यालाही ड्रायव्हरची वर सांगितलेली अडचण आहेच.

क्रोमबुक

कागद पूर्ण कोरा झाला, म्हणजे सगळं ब्राउझरमध्येच होतं, तर क्रोमबुक बघायला हरकत नाही. व्हायरसची चिंता नगण्य, अपडेट आपोआप, आणि बिघडलं तर दहा मिनिटांत कोरं करून खात्यातून सगळं परत. २०२१ पासूनच्या मॉडेलना दहा वर्षं अपडेट मिळतात. ती वर्षं मात्र तुमच्या खरेदीच्या तारखेपासून नव्हे, तर तो हार्डवेअर बाजारात पहिल्यांदा आला तेव्हापासून मोजतात. दुकानात धूळ खात पडलेलं मॉडेल घेतलं तर त्यातली काही वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात.

लिनक्स, मुख्यतः जुन्या मशीनसाठी

विंडोज ११ ने नाकारलेलं पण ठणठणीत असलेलं मशीन हातात असेल, तर माझं पहिलं मत लिनक्सला. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला. त्या गाभ्याभोवती वेगवेगळे गट बाकीचं सामान जोडून पूर्ण सिस्टीम देतात. सुरुवातीला एवढ्या नावांनी माणूस भांबावतो. नवख्याने यादीत न अडकता लिनक्स मिंट किंवा उबुंटू निवडावं. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ सपोर्टच्या) आवृत्त्या दर दोन वर्षांनी येतात आणि त्यांना पाच वर्षं अपडेट मिळतात. मिंट त्यांच्यावरच बेतलेलं आहे आणि विंडोज वापरलेल्या माणसाला त्याचा मेनू लगेच ओळखीचा वाटतो.

लिनक्सची खरी मौज अशी की ते न बसवता वापरून बघता येतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मिंटची फाइल उतरवा आणि त्यांच्याच सूचनांप्रमाणे पेनड्राइव्हवर चढवा. त्यावर आधीचं जे असेल ते पुसलं जाईल. कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला की डेस्कटॉप समोर येतो. आतल्या डिस्कला तुम्ही होऊन काही केल्याशिवाय धक्का लागत नाही. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं रेंगाळतं, त्यावरून मत बनवू नका. आता एकेक गोष्ट तपासा. वाय-फाय दिसतंय का? काही ब्रॉडकॉम चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. व्हिडिओ लावून आवाज ऐका, हेडफोन लावून पुन्हा ऐका. कॅमेरा चालू करा. ब्लूटूथ जोडा. एक पान छापा. आणि लॅपटॉप असेल तर झाकण मिटवून पाच मिनिटांनी उघडा. माझ्या अनुभवात लॅपटॉप सर्वांत जास्त याच परीक्षेत नापास होतात, आणि नेमकी हीच गोष्ट लोक तपासायची विसरतात.

प्रिंटरची धास्ती मात्र फार नको. मॅक आणि लिनक्स दोन्हीकडे छपाईची यंत्रणा कप्स हीच आहे. नवे नेटवर्क प्रिंटर बहुतेक वेळा वेगळ्या ड्रायव्हरशिवायच सापडतात.

'लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर कमांड टाइप करत बसायचं' हे घरगुती वापरात आता खरं नाही. प्रोग्राम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एका क्लिकवर बसतात. नकार तुम्हाला दुसरीकडून मिळेल. फोटोशॉप नाही, मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती नाही. वाइन नावाच्या सॉफ्टवेअरमधून काही विंडोज प्रोग्राम चालतात, पण ज्यावर पोट आहे ते काम वाइनच्या भरवशावर ठेवू नये. खेळांच्या बाबतीत स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या प्रोटॉनमुळे (विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीमुळे) २०१८ नंतर चित्र पार बदललं. फसवेगिरी रोखणारं सॉफ्टवेअर असलेले बरेचसे ऑनलाइन खेळ तेवढे अजून अडतात. घरात त्यातलाच एखादा खेळणारं पोर असेल तर लिनक्सचा विषय त्याच्यासमोर न काढलेला बरा.

सामान हलवताना

जुनं मशीन सोडण्याआधी सगळ्या फाइलींच्या दोन प्रती करा, त्यातली एक कॉम्प्युटरच्या बाहेर. बाहेरची डिस्क एनटीएफएसने (विंडोजच्या पद्धतीने) फॉरमॅट केलेली असेल तर मॅक ती वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅट ही पद्धत विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे चालते. फाइली लक्षात राहतात, बाकीचंच राहून जातं: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल, डेस्कटॉपवर असलेलं ओटीपीचं ॲप, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्स की. मेल थंडरबर्ड या प्रोग्राममध्ये असेल तर त्याचं प्रोफाइल एका सिस्टीमवरून दुसऱ्या सिस्टीमवर नेता येतं. जुन्या लॅपटॉपसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स बहुधा त्याच मशीनला बांधलेलं असतं, नव्या असेंबल्ड कॉम्प्युटरच्या हिशेबात ते धरू नका.

नवीन सुरू झालं म्हणून जुनं लगेच पुसू नका. महिनाभर तरी बाजूला तसंच राहू द्या. विसरलेली फाइल साधारण तिसऱ्या आठवड्यात आठवते. नंतर ते कुणाला देणार असाल तर फाइली डिलीट करणं पुरेसं नाही. फिरती डिस्क असेल तर ती एकदा पूर्ण पुनर्लिखित करा, विंडोजच्या 'रिसेट'मध्ये ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय असतो. एसएसडी माहिती आतल्या आत जागा बदलून ठेवते, त्यामुळे वरून लिहून ती खात्रीने पुसली जात नाही. तिथे उत्पादकाच्या टूलमधला किंवा बायोसमधला 'सिक्युअर इरेज' वापरा.